हिरड्यांतून रक्त येतंय? मग ब्रश थांबवू नका

"दुखत नव्हतं की ओ डॉक्टर, मग कशाला यायचं?"

सोलापूरच्या पूर्व भागात दवाखाना चालवताना हे वाक्य मी आठवड्यातून तीन-चार वेळा तरी ऐकतो. बोलणाऱ्या मावशी पन्नाशीच्या असतात. खालचे समोरचे दोन दात जिभेने ढकलले तरी हलतात आणि तक्रार एवढीच, की कडक भाकरी तोडता येत नाही. आधी कधी चूळ भरताना रक्त दिसलं होतं का, असं विचारलं की हसतात. "ते तर येतंच की. मिश्री लावली की थांबतंय."

हिरड्यांचा आजार का हाताबाहेर जातो, ते या दोन वाक्यांत आलं. किडलेला दात रात्री झोपू देत नाही, म्हणून माणूस सकाळी दवाखान्याच्या पायरीवर हजर असतो. हिरडी मात्र वर्षानुवर्षं गुपचूप आतलं हाड गमावते. तिच्याकडे सांगायला एकच खूण असते, ती म्हणजे रक्त. आपण एकतर ती दाबून टाकतो, नाहीतर ब्रश लागला असेल म्हणून तिथे घासणंच सोडतो. दुसरी चूक तर शिकलेल्या घरांतही सर्रास होते.

आत काय चाललेलं असतं

सकाळी उठल्यावर दाताच्या बुडाशी नख फिरवा. पांढरट, चिकट थर निघेल. ते नुसतं अडकलेलं अन्न नाही. जंतूंनी स्वतःभोवती चिकट जाळं विणून तिथे वस्ती केलेली असते. ही वस्ती हिरडीच्या काठावर रोज तशीच राहिली, की शरीर तिच्याशी लढायला त्या जागी जास्त रक्त पाठवतं. हिरडी लाल होते, फुगते आणि जरा धक्का लागला की रक्त येतं.

नॉर्वेचे हाराल्ड लो यांनी डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथे एक साधा प्रयोग केला होता. तो १९६५ साली प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना त्यांनी दात घासणं बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. औषध नाही, इंजेक्शन नाही. रोज नवे पेस्ट आणि माउथवॉश विचारणाऱ्यांना मी हाच प्रयोग सांगतो. या टप्प्यावर आजार पूर्ण बरा होतो आणि बरं करणारा हात तुमचाच असतो.

हा टप्पा निसटला तर तो मऊ थर लाळेतल्या कॅल्शियममुळे दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो. त्याला कीटण म्हणतात, टार्टर म्हणतात, आमच्याकडे 'दाताला खडा धरलाय' असंही म्हणतात. ते ब्रशने निघत नाही. बोअरच्या खाऱ्या पाण्याने खडा धरतो, हा समज सोलापुरात घट्ट बसला आहे, पण कीटणातलं कॅल्शियम लाळेतून येतं. कॅनचं पाणी पिणाऱ्यालाही ते तितकंच धरतं.

कीटणाच्या खडबडीत पृष्ठभागावर नवा थर आणखी सहज बसतो आणि हिरडीखाली उतरतो. दात आणि हिरडीच्या मध्ये खिसा तयार होतो. निरोगी तोंडात ही खाच १ ते ३ मिलिमीटर खोल असते. ती ४ मिलिमीटरच्या पुढे गेली की ब्रश तिथे पोचत नाही. जंतूंशी लढता लढता शरीर आपलंच हाड विरघळवत जातं. लोक ज्याला पायरिया म्हणतात तो हा. गेलेलं हाड बहुतेकदा परत येत नाही. उपचाराने उरलेलं वाचवता येतं, म्हणूनच वेळ महत्त्वाची.

एकाच घरातली दोन माणसं सारखीच हयगय करतात, तरी एकाचे दात साठीपर्यंत टिकतात आणि दुसऱ्याचे चाळिशीत हलतात. अनुवंशिकता, साखर, तंबाखू यांचा हा फरक असतो. आई-वडिलांचे दात हलून लवकर पडले असतील तर तुम्ही इतरांपेक्षा आधी तपासून घ्या. 'आमच्यात असंच असतंय' म्हणून सोडून देऊ नका.

पायरी पहिली: आरशासमोर दहा मिनिटं

दिवसाच्या उजेडात आरशासमोर उभे राहा आणि ओठ बोटाने वर करा. निरोगी हिरडी घट्ट असते, दोन दातांच्या मध्ये टोकदार बसते आणि तिचा काठ दाताला चिकटलेला असतो. काहींची हिरडी गुलाबी, तर अनेकांची मुळातच तपकिरी किंवा काळसर असते. त्यामुळे रंगापेक्षा सूज बघा. काठ जाड, गोल, चकचकीत दिसतोय का? मधलं टोक फुगलंय का? दात पूर्वीपेक्षा लांब दिसतात का? समोरच्या दातांत नवी फट पडली आहे का? खालच्या समोरच्या दातांची आतली, जिभेकडची बाजू छोट्या आरशाने पाहा. कीटण पहिल्यांदा तिथेच धरतं.

मग स्वच्छ बोटाने हिरडी दाबून पाहा. पू आला, बेचव लागलं किंवा एखादा दात हलला तर पुढच्या पायऱ्या सुरू करा, पण दवाखान्याची वेळही आजच घ्या. तोंडाला सतत वास येतो, असं घरच्यांपैकी कुणी सांगत असेल तर त्याचाही राग मानू नका. आपला वास आपल्याला येत नाही.

आपण कोणत्या गोळ्या घेतो, तेही याच वेळी लिहून काढा. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन, फिटसाठीची फेनिटॉइन आणि किडनी बदलल्यावर दिली जाणारी सायक्लोस्पोरिन यांमुळे काहींच्या हिरड्या दातांवर चढत जातात. पैकी अ‍ॅम्लोडिपिन तर घरोघरी आहे. तसं दिसलं तर गोळी स्वतःहून बंद करायची नाही. दाताच्या आणि बीपीच्या, दोन्ही डॉक्टरांना सांगायचं.

पायरी दुसरी: आज रात्रीपासून ब्रश बदला

ब्रश मऊ घ्या, डोकं लहान असलेला. 'हार्ड' ब्रशने दात जास्त स्वच्छ होतात असं वाटतं, पण त्याने हिरडी खाली सरकते आणि मुळं उघडी पडून दात शिवशिवतात. फ्लोराइड असलेली साधी पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर लाट नको.

घासताना लक्ष दातावर नको, दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या रेषेवर हवं. ब्रशचे केस तिरपे, साधारण ४५ अंशांत, हिरडीच्या काठाकडे टेकवा. त्या जागी अगदी बारीक थरथरवा आणि मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे ओढा. दोन-तीन दातांचं झालं की पुढे सरका. बाहेरची बाजू झाली की आतली, शेवटी चावायची बाजू. खालच्या समोरच्या दातांच्या आत ब्रश उभा धरावा लागतो, नाहीतर तो तिथे मावत नाही. सगळ्याला दोन मिनिटं लागतात. एकदा घड्याळ लावून पाहा, आपण किती घाईत आवरतो ते कळेल.

दिवसातून दोनदा, आणि एकच वेळ जमणार असेल तर रात्रीची. झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. नळाला रोज पाणी नसलं तरी याला एक तांब्या पुरतो.

आता मुख्य गोष्ट. जिथून रक्त येतंय तिथे ब्रश थांबवायचा नाही. उलट तिथेच हलक्या हाताने, नीट फिरवायचा. पहिले चार-पाच दिवस रक्त येईल, कदाचित वाढल्यासारखंही वाटेल. आजार सुरुवातीचा असेल तर आठ-दहा दिवसांत कमी होईल. दोन आठवडे मन लावून घासूनही रक्त येतच असेल, तर खाली कीटण आहे असं समजा. ते घरी निघणार नाही.

कडुनिंबाची काडी, राखुंडी, लाल मंजन, कोळशाची पूड याबद्दल रोज विचारणा होते. काडी चावून कुंचला केला तर समोरच्या दातांवर ठीक चालते, पण दाढांच्या आतल्या बाजूला वळत नाही. बोटाने लावलेली पूड हिरडीच्या काठाखाली जात नाही आणि जाडसर असेल तर दात झिजवते. तुरटीने हिरडी आकसते, रक्त थांबल्यासारखं वाटतं, थर मात्र जागेवरच राहतो. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चूळ भरल्याने सुजेला आराम पडतो, तेवढ्यापुरती ती जरूर भरा.

पायरी तिसरी: दोन दातांच्या मधलं

शेंगदाण्याची चटणी खाऊन तासाभराने जीभ कुठे कुठे जाते ते आठवा. ब्रश नेमका तिथे पोचत नाही, आणि हिरड्यांचा आजार बहुतेकदा तिथूनच सुरू होतो. दात जवळजवळ असतील तर फ्लॉस, म्हणजे दात स्वच्छ करायचा खास दोरा, वापरा. तो दाताला इंग्रजी 'सी'सारखा लपेटून हिरडीच्या काठाखाली हळूच उतरवायचा आणि वर ओढायचा. करवतीसारखा ओढला तर हिरडी कापते. फटी मोठ्या झाल्या असतील, म्हणजे चाळिशीनंतर बहुतेकांच्या, तर बाटली धुवायच्या ब्रशच्या चिमुकल्या भावासारखा दिसणारा इंटरडेंटल ब्रश जास्त कामाचा. तो वेगवेगळ्या मापांत मिळतो, माप दवाखान्यातून ठरवून घ्या. दिवसातून एकदा, रात्री.

काडेपेटीची काडी आणि मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन मात्र आजच सोडा. एकाच फटीत रोज अन्न अडकत असेल तर तो दवाखान्यात दाखवायचा प्रश्न आहे, पिनेने सुटायचा नाही.

पायरी चौथी: मिश्रीचं काय?

इथे जरा थांबावं लागेल, कारण बाकी सगळं करून मिश्री चालू ठेवली तर हाती फारसं काही लागत नाही.

मिश्री म्हणजे तव्यावर भाजून कुटलेला तंबाखूच. दात घासायची वस्तू म्हणून ती घरात आली, त्यामुळे लावणाऱ्या बायकांना आपण तंबाखूचं व्यसन करतोय असं वाटतच नाही. विडी वळणाऱ्या घरांत तंबाखू समोरच असतो. सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, काम करता करता आणखी एकदा, असं चालतं. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर १९९२ पासून देशात बंदी आहे आणि राज्यात गुटखा २०१२ पासून बंद आहे. मिश्री मात्र तव्यावरून थेट हिरडीवर जाते.

"मिश्री लावली की रक्त थांबतंय" हे खोटं नाही. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं. पण त्याच कारणाने हिरडीपर्यंत शरीराचा बचाव पोचत नाही आणि हाड आतल्या आत झिजत राहतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचंही हेच. त्यांच्या हिरड्या वरून घट्ट, कोरड्या दिसतात आणि आत खिसे ७ मिलिमीटरचे निघतात. सूचना देणारी घंटाच कुणीतरी काढून ठेवल्यासारखं. तंबाखू जिथे लावतात त्याच जागी तोंडाचा कॅन्सर होतो, हे वेगळं सांगायला नको.

सोडायची कशी? माझ्या अनुभवात 'एकदम सोडा' म्हटल्यावर मावशी मान डोलावतात आणि घरी जाऊन लावतात. म्हणून मी आधी जेवणानंतरची बंद करायला सांगतो. त्या वेळी बडीशेप किंवा भाजलेली जवस तोंडात टाकायची. मग कामाच्या वेळची. सकाळची सगळ्यात अवघड, कारण तिच्याशिवाय पोट साफ होत नाही असं अनेकींना वाटतं. कोमट पाणी आणि सकाळचं थोडं चालणं, याने तो प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. चिडचिड, डोकेदुखी पहिला आठवडा जास्त असते. सरकारची १८००-११२-३५६ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथे सोडण्यासाठी समुपदेशन मिळतं.

एक आधीच सांगून ठेवतो. तंबाखू सुटल्यावर काही आठवड्यांत हिरड्यांतून रक्त वाढू शकतं. 'बघा, सोडली आणि त्रास सुरू झाला' असं म्हणून पुन्हा डबी उघडू नका. रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्या आहेत आणि लपलेला आजार दिसायला लागला आहे, एवढंच ते आहे. हीच दवाखान्यात यायची वेळ.

पायरी पाचवी: दवाखान्यात काय होतं

पहिल्या भेटीत डॉक्टर खुणा असलेल्या बारीक, बोथट सळईने प्रत्येक दाताभोवतीच्या खिशाची खोली मोजतात आणि गरज असेल तर एक्सरे काढतात. मोजणी न करताच कुणी 'क्लिनिंग करून टाकू' म्हणालं, तर "खिसे किती मिलिमीटर आहेत?" असं जरूर विचारा. तो आकडा स्वतःजवळ लिहून ठेवा. शुगरचा रिपोर्ट जपता तसाच.

मग स्केलिंग. कंप पावणाऱ्या टोकाने आणि पाण्याच्या फवाऱ्याने कीटण उडवलं जातं. 'मशीनने दात झिजतात, सैल होतात' ही भीती मी रोज ऐकतो. खरं असं असतं, की खडा दातांच्या फटीत सिमेंटसारखा बसलेला असतो. तो काढला की आधीपासूनच हलणारा दात हलताना जाणवतो आणि भरलेली फट मोकळी दिसते. काही दिवस थंड पाणी झोंबतं, ते हळूहळू कमी होतं.

खिसे खोल असतील तर जागा बधिर करून मुळांपर्यंत सफाई करावी लागते. ती बहुधा दोन किंवा जास्त भेटींत होते. सहा ते आठ आठवड्यांनी किंवा थोडं उशिरा पुन्हा मोजणी होते. तरीही ६ मिलिमीटरच्या आसपासचे खिसे उरले तर हिरडी उघडून सफाई, म्हणजे फ्लॅप, करायची वेळ येते. तेव्हा हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे या विषयात एमडीएस केलेल्या डॉक्टरकडे जाणं बरं. नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी पायरिया बरा होत नाही. कीटण तिथेच असेल तर आजार परत येतोच.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाची चूळ दिली असेल तर ती सांगितलेले दिवसच वापरा, सहसा दोन आठवडे. जास्त वापरली की दात तपकिरी होतात आणि चव बिघडते. पेस्टने घासल्यावर लगेच ती घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर तिचा असर कमी होतो.

जाण्याआधी हे नक्की सांगा: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हृदयाची झडप बदलली आहे का, दिवस गेले आहेत का. गोळ्या मनाने बंद करू नका. कृत्रिम झडप असलेल्यांना सफाईच्या आधी अँटिबायोटिकचा डोस द्यावा लागतो. शुगरच्या पेशंटने उपाशी येऊ नये. नाश्ता करून, गोळी घेऊन सकाळची वेळ घ्यावी.

तोंड आणि बाकीचं शरीर

मधुमेहाशी हिरड्यांचं नातं दुहेरी आहे आणि त्याचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे. साखर वाढलेली असली की जंतूंशी लढायची ताकद कमी होते, जखम उशिरा भरते आणि हाड लवकर जातं. उलट बाजूने, हिरड्यांतली सततची सूज इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. जगभरातले अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात मधुमेहींच्या हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे 'तीन महिन्यांची साखर', सरासरी सुमारे ०.४ ने खाली आल्याचं दिसलं. आठवरून साडेसातच्या आसपास येणं म्हणजे लहान गोष्ट नाही. तरीही शुगरच्या तपासणीला जाणारा माणूस पाय दाखवतो, डोळे दाखवतो, तोंड मात्र दाखवत नाही. आणि चाळिशीच्या आत एखाद्याच्या हिरड्यांत वारंवार गळू होत असेल, तर मी आधी त्याची शुगर तपासायला पाठवतो. कित्येकांना मधुमेह असल्याचं असंच पहिल्यांदा कळतं.

हृदयाबद्दल जरा जपून बोलायला हवं. ज्यांना हिरड्यांचा आजार आहे त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळतो, हे खरं. पण अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली सगळे पुरावे तपासून म्हटलं, की संबंध आहे, मात्र हिरड्यांमुळेच हृदयविकार होतो असं सिद्ध झालेलं नाही. म्हणून 'दात साफ करा, हार्ट अटॅक टाळा' अशा पाट्यांवर मी विश्वास ठेवत नाही. संधिवात, किडनीचे आजार, स्मृतिभ्रंश यांच्याबाबतही नातं दिसतं, पण कारण पक्कं झालेलं नाही.

गरोदरपणात हार्मोन्समुळे हिरड्या लवकर सुजतात. सासूबाई म्हणतात, "बाळ दातातलं कॅल्शियम ओढतंय." तसं काही नसतं. या काळात ब्रश वाढवायचा आणि स्केलिंग करून घ्यायचं. ते सुरक्षित आहे, चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा. त्याने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं टळतात, असं मात्र ठामपणे म्हणता येत नाही. मिश्रीने बाळाला अपाय होतो, हे मात्र म्हणता येतं. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांवर केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. धूर नसलेला तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये मिश्रीवाल्याच जास्त होत्या, आणि असा तंबाखू वापरणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन न वापरणाऱ्यांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं होतं. घरात सून गरोदर असेल तर तिची मिश्री सोडवायला सासूनेही तेवढे महिने डबी बाजूला ठेवलेली बरी.

घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा असतील तर त्यांच्याकडे विशेष लक्ष द्या. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. डोकं उंच करून, मान एका बाजूला वळवून, ओल्या मऊ ब्रशने किंचित पेस्ट लावून दिवसातून दोनदा साफ करा. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवा.

पुढची तारीख

एकदा पायरियाचे उपचार झाले की पहिलं वर्षभर तरी दर तीन महिन्यांनी तपासणी हवी. नंतर खिसे स्थिर राहिले तर सहा महिन्यांवर जाता येतं. नुसती सुजलेली हिरडी बरी झाली असेल तर सहा महिने ते वर्ष चालतं. तारीख लक्षात राहत नाही, ही सगळ्यांची अडचण. मी पेशंटना दिनदर्शिकेवर, गॅस बुक केल्याची तारीख लिहितात त्याच्या शेजारी लिहायला सांगतो.

काही वेळा मात्र तारखेची वाट पाहायची नाही. हिरडीला गळू येऊन गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. काही न लागता हिरड्यांतून आपोआप रक्त झिरपत असेल, सोबत ताप असेल किंवा अंगावर निळे-जांभळे डाग दिसत असतील, तर दाताच्या डॉक्टरआधी फिजिशियनकडे जाऊन रक्त तपासा. डेंग्यूपासून रक्ताच्या कॅन्सरपर्यंत कशाचीही ती पहिली खूण असू शकते. आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर मिश्रीची डबी सोबत घेऊनच या. दाखवायला लाजू नका, मी काही ओरडत नाही.